उशाशी बसण्याची विद्या

शिरूर-दौंडकडचा माणूस आजारी पडला की एका दारावर थांबत नाही. घोडनदीच्या नाहीतर दौंडच्या डॉक्टरकडे तो इंजेक्शन घेतो, सोनोग्राफी करतो, फाईल काखोटीला मारून पुण्याला किंवा नगरला जातो. त्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी रांजणगावच्या गणपतीला, भीमा ओलांडून सिद्धटेकला, केडगावजवळ नारायण महाराजांच्या बेटावर किंवा वेशीबाहेरच्या म्हसोबाला काही बोलून येतं. कुणी दर्ग्यावर चादर कबूल करतं, कुणी रविवारच्या उपासनेत आजाऱ्याचं नाव प्रार्थनेसाठी देतं. यातलं डॉक्टरला काही सांगायचं नाही आणि देवळात रिपोर्टविषयी बोलायचं नाही, हा न लिहिलेला नियम सगळे पाळतात. एकाच माणसाच्या एकाच दुखण्याचा हिशेब असा दोन वेगळ्या वह्यांत मांडला जातो, आणि दोन्ही वह्या एकत्र वाचणारं कुणी नसतं.

या दोन्ही वह्या वाचू शकणारा माणूस हा या पुस्तकाचा विषय आहे. जगातल्या अनेक देशांत त्याला चॅप्लेन म्हणतात. तो रुग्णालयाच्या उपचारपथकातला एक असतो. धर्माचा अभ्यास आणि आजारी माणसाजवळ वावरण्याचं प्रशिक्षण ही दोन्ही त्याच्याकडे असतात. तो खाटेशी बसतो, ऐकतो, रुग्णाने मागितली तर प्रार्थना करतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरलेल्याजवळ थांबतो, वाईट बातमी सांगायच्या वेळी डॉक्टरांबरोबर उभा राहतो, अतिदक्षता विभागाबाहेर भांडणाऱ्या भावांना एका बाकावर बसवतो, आणि उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचं काही कळलं तर रुग्णाच्या संमतीने ते डॉक्टरांच्या कानावर घालतो. तो काय करत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. तो बरं करण्याचं आश्वासन देत नाही, औषध थांबवायला सांगत नाही, कुणाला आपल्या धर्मात ओढत नाही, रुग्णाकडून पैसे घेत नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलत नाही. माझ्या मते या माणसाची खरी ओळख या नकारांतच आहे. हे नकार सोडले तर तो आणि कुठलाही बाबा, महाराज, भगत यांत फरक उरत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे दोन शंका येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली म्हणजे, हे काम ख्रिस्ती परंपरेतलं आहे, आपल्याकडे ते कशाला? दुसरी म्हणजे, आपल्याकडे आजाऱ्याभोवती अख्खं घर असतं, मग परका माणूस कशाला हवा? या प्रस्तावनेचा बराचसा भाग या दोन शंकांशी बोलण्यात जाणार आहे.

पहिलीचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, यात्रा यांचा आधार घेणारा तो दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना करणारा तो युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला घातक विषयांपासून आवरून धरणारा तो सत्त्वावजय. त्याच ग्रंथात उपचाराचे चार पाय मोजले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. शुश्रूषा करणाऱ्याला वैद्याच्या पंक्तीला बसवणारी ही मांडणी मला फार मोलाची वाटते. पुढे काय झालं ते आपण पाहतोच. पहिल्या प्रकाराचा ताबा देवऋष्याने घेतला, दुसऱ्याचा डॉक्टरने, आणि तिसरा, मनाला धरून ठेवणारा, निराधार राहिला. मानसोपचारतज्ज्ञ त्यातला काही भाग सांभाळतात, पण तालुक्याच्या गावात ते दुर्मीळ असतात. शिवाय मरणाच्या भीतीला, ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाला, केलेल्या पापाच्या आठवणीला दरवेळी आजाराचं नाव देता येत नाही.

आपल्या भागात श्रद्धा आणि शुश्रूषा एका छपराखाली आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. घोडनदीला कंपनी सरकारची छावणी होती, आणि तिथल्या दफनभूमीत १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेस यांचं थडगं आहे. आसपासच्या गावांतले लोक या गोऱ्या अधिकाऱ्याला सत्पुरुष मानत आणि सुगीला धान्याचा पहिला वाटा त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे. आधार शोधताना इथला माणूस कुणाचा धर्म विचारत बसत नाही, हे त्यातून कळतं. पुढे शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. पण या दोन तालुक्यांतलं सर्वांत मोठं उदाहरण दौंड तालुक्यात आहे, ते म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, आजारी, निराधार मुली आणि बालविधवा त्यांनी आणल्या आणि केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुलीबायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतल्या कितीतरी जणी उपासमारीने आणि रोगाने खंगलेल्या होत्या, काही अंध होत्या, काहींचं सगळं घर त्यांच्या डोळ्यांदेखत संपलं होतं. त्यांना अन्न आणि औषध लागत होतं, तसंच हाताला काम लागत होतं आणि आपण जगलो याला काही अर्थ आहे हे सांगणारं कुणीतरी लागत होतं. रमाबाईंनी हे सगळं एकाच आवारात दिलं. छापखाना, शेती, विणकाम, अंधांसाठी ब्रेल आणि प्रार्थना तिथे एकमेकांना लागून होती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांची होणारी आबाळ त्यांनी वर्तमानपत्रातून निर्भीडपणे मांडली. आजाऱ्याच्या बाजूने व्यवस्थेला प्रश्न विचारणं हाही चॅप्लेनच्या कामाचा भाग आहे, असं आज प्रशिक्षणात शिकवतात. रमाबाईंनी ते कुणाच्याही शिकवणीशिवाय केलं. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत हडपसरजवळ रुग्णांवर उपचार करत होते आणि सावित्रीबाई रुग्णांना त्यांच्यापर्यंत नेत होत्या. एक औषध देणारा आणि एक हात धरून आणणारी, अशी ही मायलेकांची जोडी होती.

पण रमाबाईंच्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून हे पुस्तक पुढे जाऊ शकत नव्हतं. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून पुण्यात मोठं वादळ झालं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या काळच्या मिशन दवाखान्यांत बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या लोकांना औषधाआधी शुभवर्तमान ऐकवण्याची पद्धत होती. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या लाखो रुग्णांना त्याने जीवदान दिलं, आणि उपचार व धर्मप्रसार एकाच ध्येयाचे भाग मानणाऱ्या परंपरेतच ते उभं राहिलं होतं. ही सेवा किती खरी होती, हे त्या रुग्णांच्या नातवंडांना विचारावं. तरीही, वेदनेने हतबल झालेल्या माणसासमोर धर्माचा प्रस्ताव ठेवला तर त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येईल का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. आपल्या जिल्ह्यात कुणी खाटेशी बसून प्रार्थना करू लागलं की नातेवाईकांच्या मनात जी शंका येते, तिच्यामागे ही शंभर-सव्वाशे वर्षांची आठवण आहे. तिला दूषण देऊन चालणार नाही. ती शंका दूर करण्याची जबाबदारी बसणाऱ्याची आहे.

हे काम धर्मप्रसारापासून सुटून एक शिस्त म्हणून घडलं ते विसाव्या शतकात, आणि त्याची सुरुवात एका रुग्णाने केली. अँटन बॉयसन हे अमेरिकेतले धर्मोपदेशक. १९२० मध्ये त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि ते मनोरुग्णालयात दाखल झाले. तिथे त्यांना दिसलं, की डॉक्टर त्यांचे भ्रम नोंदवतात पण त्या भ्रमांत काय आहे ते कुणी विचारत नाही, आणि भेटायला येणारे धर्मोपदेशक वचनं म्हणून निघून जातात. बरे झाल्यावर ते वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी प्रशिक्षण सुरू केलं. धर्माच्या विद्यार्थ्याने ग्रंथ वाचतो तितक्याच बारकाईने जिवंत माणूस वाचायला शिकावं, ही त्यांची भूमिका होती. विद्यार्थी दिवसभर वॉर्डात काम करत. पुढे या प्रशिक्षणात ते रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहून काढत आणि गुरूसमोर त्याची चिरफाड होई : इथे तू घाईने धीर का दिलास? त्याने मुलाचं नाव काढल्यावर तू विषय का बदललास? रिचर्ड कॅबट यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांनी या पद्धतीला पाठबळ दिलं. ही पद्धत आजही या प्रशिक्षणाचा कणा आहे, आणि आपण उचलावी अशी गोष्ट कुठली असं मला विचारलं, तर मी आधी हीच सांगेन. आपल्याकडे धीर देणारे खूप आहेत. दिलेला धीर नंतर तपासून पाहणारी व्यवस्था नाही.

दुसरं मोठं वळण लंडनमध्ये आलं. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि मग मुद्दाम डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं घर, उघडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, कुटुंब-पैशाचं आणि आत्म्याचं असं चहूबाजूंनी असतं, आणि यातलं एक सोडून दुसरं शमत नाही, हे त्यांनी मांडलं. त्याबरोबर त्यांनी मॉर्फिन वेळच्या वेळी, दुखणं उसळायच्या आधी देण्याची पद्धतही रूढ केली. या दोन गोष्टी एकाच बाईने केल्या याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने तळमळणाऱ्याला आधी मॉर्फिन द्यावं, मग वाटलं तर अभंग म्हणावा. उलट क्रम हा अत्याचार आहे. आपल्या देशात अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने कित्येक वर्षं मॉर्फिन रुग्णापर्यंत पोचत नव्हतं. तो कायदा २०१४ मध्ये सुधारला. तरी तालुक्याच्या पातळीवर मॉर्फिन मिळवताना नातेवाईकांची किती दमछाक होते, हे या पुस्तकातल्या काही लेखांत वाचायला मिळेल.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार विचारधारा दिसतात. संस्कार, विधी आणि पवित्र वचनं यांना मध्यभागी ठेवणारी जुनी धारा. बॉयसन यांच्यापासून आलेली, ऐकण्याला साधना मानणारी धारा. नेदरलँड्समध्ये रुजलेली मानवतावादी धारा, जिच्यात देव न मानणारे समुपदेशक रुग्णालयांत आणि सैन्यातही हे काम करतात. आणि शिकागोच्या जॉर्ज फिचेट यांच्यासारख्यांनी पुढे नेलेली पुराव्यावर चालणारी धारा, जी विचारते की या भेटीने रुग्णाला नेमकं काय मिळालं, ते मोजा आणि नोंदवा. मानवतावादी धारेविषयी महाराष्ट्राला विशेष आस्था वाटायला हवी. इथे विवेकवादी चळवळीची मोठी परंपरा आहे, आणि नास्तिक माणसालाही रात्री तीन वाजता झोप येत नाही.

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू. विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ घालायचा म्हणजे प्रार्थनेने रोग बरा होतो हे सिद्ध करायचं, असा समज फार पसरला आहे. हा रस्ता चुकीचा आहे, आणि विज्ञानाने तो तपासूनही पाहिला आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोक प्रार्थना करत होते, काहींसाठी नाही. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही : ५२ टक्के आणि ५१ टक्के. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे, हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के निघालं. प्रार्थना हे औषध असल्यासारखी तिची मात्रा मोजायला गेलं की असंच हाती लागतं. मला स्वतःला यात श्रद्धेचा पराभव दिसत नाही. एका गैरसमजाचा मात्र दिसतो.

त्याहून कितीतरी उपयोगी अभ्यास बॉस्टनच्या ट्रेसी बाल्बोनी यांचा आहे. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांना आपल्या धर्मसमुदायाकडून भरपूर आधार मिळत होता, त्यांच्या वाट्याला शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग जास्त आला आणि हॉस्पिसची शांत सेवा कमी आली. त्याच रुग्णांपैकी ज्यांना उपचारपथकाकडूनही आध्यात्मिक आधार मिळाला, त्यांच्यात चित्र उलटं होतं. बाहेरून येणारा भक्त ‘चमत्कार होईल, सोडू नका’ म्हणतो, कारण आजार कुठवर आला आहे हे त्याला माहीत नसतं. पथकातला माणूस त्याच श्रद्धेची भाषा बोलतो, पण त्याने रिपोर्ट पाहिलेला असतो. या पुस्तकाचं सगळं म्हणणं माझ्या दृष्टीने या एका फरकात आहे. श्रद्धावान माणूस उशाशी असणं पुरेसं नाही. तो उपचारांच्या आत असावा, त्यांना बांधील असावा.

हे बंधन नसलं की काय होतं हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. उसाच्या फडात पाचट वेचताना पायाला घोणस चावलेला मजूर आधी देवळात नेला जातो, कडुनिंबाचा पाला खायला घालून कडू लागतो का विचारलं जातं, आणि प्रतिसर्पविषाची वेळ निघून जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः मिरजेत वैद्यक शिकलेले डॉक्टर होते. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तो २०१३ मध्ये, त्यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर आला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. काही धार्मिक मंडळी या कायद्याला श्रद्धेवरचा हल्ला मानतात. मला वाटतं, उशाशी बसू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या कामाचा पाया मानावा. तो जी सीमा आखतो त्याच सीमेच्या अलीकडे चॅप्लेनचं काम सुरू होतं.

सीमेच्या दोन बाजूंचे लोक एकत्र काम करू शकतात, याचंही उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे २००१ मध्ये साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यानंतर देशभर अशा ठिकाणांवर कारवाईची भाषा झाली. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर मात्र वेगळा प्रयोग झाला. तिथल्या मुजावरांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं गेलं, आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले, आणि मुजावर दुआ करून माणसाला त्यांच्याकडे पाठवू लागले. नाव ठेवलं ‘दवा और दुआ’. मुजावराच्या शब्दाला वजन होतं म्हणून लोक गोळी घेऊ लागले.

आणि आपल्या देशाच्या एका मोठ्या संस्थेत चॅप्लेन अनेक दशकं नोकरीवर आहेत, याकडे आपलं लक्षच गेलेलं नाही. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांची धर्मगुरू म्हणून ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या हुद्द्यावर भरती होते. त्यांच्या कर्तव्यांत रुग्णालयातल्या आजारी जवानांची सेवा आणि बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना हे स्पष्टपणे लिहिलेलं असतं. शिरूर-दौंडच्या गावागावांत माजी सैनिक आहेत. जखमी होऊन लष्करी रुग्णालयात पडलेल्यांना धर्मगुरूची ती भेट आठवते. म्हणजे पहिल्या शंकेचं उत्तर आपल्याच घरातल्या खुंटीवरच्या गणवेशात होतं.

आता दुसरी शंका, घरच्यांची. आजाऱ्याभोवती घर असतं हे खरं, आणि ते आपलं वैभव आहे. पण घर पुष्कळदा गप्प असतं. ‘त्यांना सांगू नका’ हे वाक्य प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाने व्हरांड्यात ऐकलेलं असतं. मुलगा बापाला सांगत नाही, बापाला सगळं कळलेलं असतं आणि तोही मुलाला सांगत नाही. दोघंही एकमेकांना जपतात आणि एकेकटे पडतात. जमिनीची वाटणी, परजातीत लग्न केलेल्या मुलीची भेट, थोरल्या भावाशी तुटलेलं बोलणं, हे सगळं तसंच राहून जातं. घरच्यांसमोर रडता येत नाही असं कितीतरी असतं आणि त्यासाठी परकाच माणूस लागतो. सुनेचा विचार तर कुणीच करत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं काढणारी, स्वतःची पाठ गेलेली, रात्री दोनदा उठणारी ती बाई रुग्णाइतकीच थकलेली असते, आणि तिला ‘तू कशी आहेस?’ असं विचारणारं कुणी आलेलं नसतं.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट उलट्या वेळी होते. दहाव्याला भीमेच्या किंवा घोडच्या काठी प्रवचन असतं. गावोगावचे लोक जमतात, कीर्तनकार येतात, मरणाचं, देहाचं, राहून गेलेल्याचं बोलतात. ते बोलणं पुष्कळदा फार सुंदर असतं. पण ज्याला ते ऐकायची सर्वांत जास्त गरज होती तो तेव्हा गेलेला असतो. तोच कीर्तनकार दहा दिवस आधी, किंवा दहा महिने आधी, घरी येऊन निवांत बसला असता तर? वारकरी परंपरेकडे मरणाविषयी बोलण्याची जी भाषा आहे तिला तोड नाही. तुकोबांची पालखी दर आषाढवारीत यवत, वरवंड अशी दौंड तालुक्यातून जाते आणि त्या भाषेचा पूर येतो. पण मंचावरून हजारांना सांगणं वेगळं आणि एकाजवळ बसून त्याचं ऐकणं वेगळं. हे दुसरं शिकावं लागतं. ज्यांना पहिलं उत्तम येतं त्यांना ते आणखी कष्टाने शिकावं लागतं.

आजच हे का, असं कुणी विचारेल. साथीचे रोग झटपट न्यायचे, आता दुखणी लांबतात. मधुमेह, डायलिसिस, अर्धांगवायू, कर्करोग यांच्याबरोबर माणसं वर्षानुवर्षं जगतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, कागदपत्रांना आरोग्यमित्र मदत करतो, पण ‘आता पुढे काही करण्यासारखं नाही’ हे ऐकून एस.टी.ने घरी निघालेल्या माणसाबरोबर कुणी नसतं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत परराज्यांतून आलेले तरुण कामगार आहेत. अपघात झाला तर त्यांच्या उशाशी त्यांची भाषा बोलणारंही कुणी नसतं. शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात लेकरू गमावलेल्या आया आहेत. सरकारकडून भरपाई येते, मग पत्रकार येतात, मग कुणी येत नाही. आणि २०२० व २०२१ मध्ये आपण पाहिलं, की प्लास्टिकच्या पोशाखातल्या परिचारिकेखेरीज कुणाचाही चेहरा न पाहता माणसं गेली. त्या परिचारिकांनी शेवटचे निरोप फोनवरून पोचवले, खाटेशी उभं राहून नामस्मरण केलं, कलमा म्हटला. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या ओझ्याचं पुढे काय झालं तेही कुणी विचारलं नाही.

महाराष्ट्रात आधार घेण्यासारख्या जागा आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिपला फाउंडेशनचं, दुखणं हलकं करणाऱ्या परिहार सेवेचं केंद्र १९९७ पासून आहे. केरळने १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेल्या कामातून गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं आणि २००८ मध्ये त्याचं राज्य धोरण केलं. तिथे मशिदीतले, चर्चमधले, मंदिरातले आणि पक्षकार्यालयातले लोक एकाच गटातून रुग्णाच्या घरी जातात. शिरूर-दौंडला असं काही व्हायचं तर ते केरळच्या वाटेने होईल, मोठ्या रुग्णालयातल्या पगारी पदाच्या वाटेने नाही, असं मला वाटतं. एकच सावधगिरी हवी. हे काम आशाताईंच्या माथी मारून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांना होईल. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे आणि मोबदला तुटपुंजा आहे. त्यांनी हे काम करावं असं वाटत असेल तर त्याचं प्रशिक्षण आणि पैसे दोन्ही द्यावे लागतील.

हे पुस्तक या दोन तालुक्यांतल्या अनुभवांतून उभं राहिलं आहे. लिहिणाऱ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, पाळक, कीर्तनकार आणि मौलवी आहेत, देव न मानणारे कार्यकर्ते आहेत, आणि ज्यांनी आपलं माणूस घरी सांभाळलं असे नातेवाईक आहेत. रुग्णांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. संपादकांनी या सगळ्यांना एका सुरात बोलायला लावलं नाही, हे मला फार बरं वाटलं. एका पाळकाला वाटतं की मागितल्याशिवाय प्रार्थना करायचीच नाही, दुसऱ्याला वाटतं की विचारायला काय हरकत आहे. एक डॉक्टर म्हणतात की या माणसाने रुग्णाच्या फाईलमध्ये नोंद केलीच पाहिजे, एक कीर्तनकार म्हणतात की कागद पुढे आला की माणूस बोलायचा थांबतो. हे वाद खरे आहेत आणि या पुस्तकात ते मिटलेले नाहीत.

पुस्तकात काही संभाषणं चॅप्लेनच्या प्रशिक्षणातल्या पद्धतीने, जशी झाली तशी लिहून त्याखाली टिप्पणी दिली आहे. नवख्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. धीर देण्याच्या नादात आपण समोरच्याचं बोलणं किती वेळा तोडतो, हे त्या पानांवर स्वच्छ दिसतं. शेवटी, उशाशी बसणाऱ्यासाठी एक आचारसंहितेचा मसुदा आहे : आश्वासन नाही, औषधात ढवळाढवळ नाही, धर्मप्रसार नाही, दक्षिणा नाही, बोभाटा नाही, आणि प्रत्येक भेटीनंतर कुणातरी जाणत्यासमोर आपल्या वागण्याची तपासणी. यातला शेवटचा मुद्दा पाळायला सर्वांत अवघड जाईल असा माझा अंदाज आहे, कारण सेवा करणाऱ्याला तपासून घेण्याची आपल्याकडे सवय नाही. हा मसुदा शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी, दहाव्याची प्रवचनं करणाऱ्या महाराजांनी, केडगावच्या आणि घोडनदीच्या पाळकांनी, मशिदींच्या इमामांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून वाचावा, त्यावर भांडावं आणि पटेल ते ठेवून बाकीचं खोडावं, अशी संपादकांची इच्छा आहे. माझीही आहे. खोडाखोड झालेली प्रत पुढच्या आवृत्तीसाठी त्यांना हवी आहे.